किल्ली अध्यक्षांच्या कनवटीला

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे, लाकडी मुठीची, हातात धरून वाजवायची. परभणीच्या ज्या ओताऱ्याने मला घडवले, त्याने मला कानाशी हलवून पाहिले आणि म्हणाला, "आवाज साफ हाय. सभेत चालंल." पण पुढे माझा आवाज भलत्याच कामासाठी वापरला गेला. त्याची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

निजामाच्या राज्यातले ते दिवस होते, साल १९३७. चार माणसांनी सभा म्हणून एकत्र बसायचे तरी सरकारची परवानगी लागे. वालूरच्या बन्सीधर गुरुजींनी तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून मराठी वाचनालयाची मंजुरी आणली. मंजुरीच्या कागदावर कारभारी मंडळाच्या बैठका होत्या, पण सगळ्या सभासदांची वर्षातून एकच सभा लिहून आली होती, तीही चैत्रात. मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत दोन कपाटे आणि एक मेज मांडले गेले. त्या मेजावर मी बसले.

गुरुजींनी हैदराबादेत शिकताना अमेरिकेच्या राज्यकारभारावरचे एक पुस्तक वाचले होते. वाचनालयाचे नियम त्यांनी त्यावरूनच बेतले. नऊ जणांच्या मंडळाला त्यांनी ते समजावून सांगितले.

"अमेरिकेत राजा नाही, अध्यक्ष असतो. लोकांनी निवडलेला, चार वर्षांपुरता. दोनदा झाला की आपणहून बाजूला होतो, असा रिवाज आहे. फौज त्याच्या हुकमात असते, पण कायदे करायचे लोकांच्या दोन सभागृहांनी. त्याला एखादा कायदा पटला नाही तर तो परत पाठवतो. मग दोन्हीकडे तिघांतल्या दोघांनी पुन्हा हो म्हटलं, की त्याचा नकार टिकत नाही."

मंडळात मुंजाजी नावाचे शेतकरी होते. त्यांनी विचारले, "आन् तरीबी त्यानं ऐकलं न्हाई तर?"

"तर खालचं सभागृह त्याच्यावर आरोप ठेवतं, वरचं चौकशी करतं. दोषी ठरला तर त्याला घरी बसवतात."

राज्य चालवणाऱ्याला घरी बसवता येते, हे आमच्या गावात पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने म्हटले होते. एकाने उठून दार लोटून घेतले.

अध्यक्ष झाले माणिकराव, गावातले मोठे जमीनदार. कपाटे त्यांनीच दिली होती. प्रत्येकाची बोलायची पाळी आली की मी वाजायचे, असा नियम होता. माणिकराव मात्र ज्याचे बोलणे रुचत नाही त्याच्या वाक्याच्या मध्येच मला वाजवत. माझा आवाज ऐकून माणसे खाली बसत. मला त्याची लाज वाटे, पण मूठ त्यांच्या हातात होती.

गावात नर्मदाबाई होत्या, कीर्तनकारांची लेक, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. त्यांनी शेजारच्या बायकांना अक्षरे शिकवली होती. त्यांनी अर्ज केला की दर गुरुवारी दुपारी वाचनालय बायकांसाठी उघडे ठेवावे. मंडळाने पाच विरुद्ध चार मतांनी ठराव केला. माणिकरावांनी त्यावर 'नामंजूर' लिहून तो परत पाठवला.

आता तो नकार मोडायला नवांतले सहा हात हवे होते. दुसऱ्या बैठकीत पाच वर झाले. सगळे मुंजाजींकडे पाहू लागले. त्यांच्या गव्हाला पाणी माणिकरावांच्या विहिरीचे होते. माणिकरावांनी मला जोरात वाजवले.

"मुंजाजी, विचार करून हात वर कर."

"इचार करूनच आलोय, मालक," मुंजाजी म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

मला वाटले, झाले काम. किती भोळी होते मी. गुरुवारी सात बायका आल्या तेव्हा दाराला कुलूप होते. मी आत मेजावर होते. बाहेरचे बोलणे मला स्वच्छ ऐकू येत होते.

"ठराव तुमचा," माणिकराव म्हणाले. "पण कुलूप उघडायचं काम अध्यक्षाचं. मला सध्या सवड न्हाई." किल्ली त्यांच्या कनवटीला होती.

ते गेल्यावर बायकांबरोबर आलेल्या गुरुजींना नर्मदाबाईंनी विचारले, "गुरुजी, तुमच्या अमेरिकेत अशा वेळी काय करतात?"

"तिथं न्यायालय असतं. नाहीतर त्याला काढून टाकतात."

"मग काढा की."

"त्याला सभासदांची सभा लागते. सभेला कचेरीची परवानगी लागते. आणि कचेरीत माणिकरावांचाच शब्द चालतो."

"म्हणजे तुमी नियम आणले, पण ते चालवणारं कुणी आणलं न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी कचेरीला अर्ज पाठवला, त्याचे उत्तर आले नाही. तो सारा हिवाळा बायका दर गुरुवारी ओट्यावर बसून घरून आणलेली पोथी वाचत राहिल्या. मी आत नुसती ऐकत होते. मुंजाजींना पाणी मिळाले नाही. त्यांचा गहू ओंब्या भरायच्या आधीच वाळला.

चैत्रातली सभा मात्र कोणाला अडवता आली नाही, ती मंजुरीच्या कागदावरच होती. माणिकराव पुन्हा उभे राहिले. "विरोधात कोणी हाय का?" त्यांनी विचारले. मी गुरुजींकडे पाहत होते. ते खाली सतरंजीकडे पाहत होते.

"मी हाय," मुंजाजी म्हणाले.

माणिकरावांना तेवीस मते पडली, मुंजाजींना अकरा. माणिकरावांच्या गळ्यात हार पडला. तेव्हा मुंजाजी पुन्हा उठले.

"अध्यक्ष तुमीच ऱ्हावा. पण मालक, एवढ्या कामात किल्लीचा तरास तुमाला कशाला? ती शेजारी मारुतीच्या पुजाऱ्याकडं ऱ्हाऊ द्या. तसा ठराव करा."

माणिकराव खुशीत होते, हसून हो म्हणाले. ठराव एकमताने झाला. त्या गुरुवारी दार उघडले. नर्मदाबाईंनी मेजावरचे वर्तमानपत्र घेतले आणि मला बाजूला सारून त्या वाचायला बसल्या.

पुढच्या वर्षीच्या अहवालात वाक्य आले: 'माननीय अध्यक्षांच्या उदारपणामुळे वाचनालय स्त्रियांसाठी खुले झाले.' अक्षर गुरुजींचे होते. ते वाचताना लोकांनी शांत राहावे म्हणून मलाच वाजवले गेले. मुंजाजींचे नाव अहवालात कुठेच नव्हते. अठ्ठेचाळीस साली निजामाचे राज्य गेले, त्या पोलीस कारवाईच्या धावपळीत वाचनालय बंद पडले. मी एका ट्रंकेत गेले, अजून तिथेच आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी सांगणार नाही. तुमच्या गावात, शाळेत, मंडळात कोणी अध्यक्ष असेलच. त्याला काय काय करता येत नाही, ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्या. आणि ते वाचताना जो मान खाली घालत नाही, त्याचे नाव तुम्ही तरी लिहून ठेवा.