नवा लॅपटॉप कुणाच्या मांडीवर

माझा नवरा कपेंब्वा त्या लॅपटॉपला जितका जपायचा, तितकं त्याने मला जपलं असतं तर मी आज गॅरेजच्या फाटकाशी जेवण विकत बसले नसते. काळा, जाडजूड, कोपऱ्यांना रबर आणि धरायला वर मूठ. कासुम्बालेसाच्या सरहद्दीच्या नाक्यावरून तांबं वाहून हाडं खिळखिळी झालेले ट्रक आमच्या एन्डोला शहरातल्या गॅरेजात यायचे. कपेंब्वा इंजिनाला वायर जोडायचा, लॅपटॉप मांडीवर उघडायचा आणि कुठे काय बिघडलंय ते पडद्यावर वाचून सांगायचा. ड्रायव्हर त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. तेवढा वेळ त्याच्यासारखा राजा नाही.

अलीकडे मात्र झाकण जरा कललं की पडदा काळा पडायचा. बॅटरी फुगून खालची बाजू वर आली होती. आणि नव्या ट्रकांचं तर त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला काही म्हणता काही कळत नव्हतं. शेवटी मालक सिकाझ्वे माझ्या बाकावर जेवता जेवता म्हणाले, "कपेंब्वा, हा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? वापरतोस तू, तेव्हा तूच सांग. दोन्हींना पैसे नाहीत माझ्याकडे."

उत्तर सरळ होतं. नवा घ्या. पण मध्ये गॅरेजातला जेरे आडवा आला.

जेरे न्गोनी जमातीचा, आम्ही बेम्बा. आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, म्हणून आता पतवंडांनी एकमेकांना नुसत्या शिव्या द्यायच्या आणि कुणी रागवायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. तो आम्हाला माकडखाऊ म्हणणार, आम्ही त्याला उंदीरखाऊ. माझे सासरे गेले तेव्हा हाच जेरे मयतापाशी बसून ओरडला होता, "ऊठ रे म्हाताऱ्या, बिअर आलीय!" आणि रडता रडता आम्ही सगळे हसलो होतो. असल्या थट्टेच्या भावाचं बोलणं कुणी खरं धरत नाही. जो धरतो तो वेडा ठरतो.

जेरेचा हात चांगला होता. इंजिन शिकला तो कपेंब्वाच्याच हाताखाली. पण गेल्या वर्षापासून ड्रायव्हर फाटकातून आत येताना विचारू लागले, "जेरे आहे का?" तेव्हापासून माझा नवरा त्याला पाण्यात पाहू लागला. दिवसभर वरवर शिव्यांची देवाणघेवाण, हसणं-खिदळणं, आणि घरी आला की सुरू.

"नवा घेतला की तो जेरेच्या मांडीवर जाणार. मग मी काय, त्याची वायर धरू?"

"लोंबेचे बाबा, मालक तसं कुठे म्हणालेत?"

"म्हणायला कशाला हवं? मला डोळे नाहीत?"

"आहेत की. पण ते सारखे जेरेच्या ताटात असतात."

त्या दिवशी तो जेवला नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे बाकावर बसलेले. जेरेने मक्याच्या न्शिमाचा गोळा भोपळ्याच्या पानांच्या भाजीत बुडवला आणि म्हणाला, "ए माकडखाऊ, मालकांना सांगून आलोय. नवा लॅपटॉप तुला द्या म्हटलं. तुझ्या डोळ्यांना मोठा पडदा लागतो, नाहीतर रेडिएटरच्या जागी बायकोचं तोंड उघडशील."

बाक हसून हसून हलला. सगळ्यांत जास्त हसले मी. कपेंब्वाने नुसते दात दाखवले. "उंदीरखाऊ, तू आधी शेपट्या मोजायला शीक," तो म्हणाला. पण कानशिलं तापली होती त्याची. मला कळलं, त्याला वाटलं, नवा आपल्याला मिळणार म्हणून जेरे जखमेवर मीठ चोळतोय.

आणि मग त्याने जे केलं ते सगळ्या गॅरेजाने पाहिलं. मालकांना अंगणात बोलावलं. ट्रकच्या पायरीवर चढला, मूठ धरून लॅपटॉप उंच केला आणि दिला सोडून. धप्पदिशी खाली. धूळ उडाली. त्याने झाकण उघडलं, दोन्ही हातांनी बरोबर तिथेच धरून ठेवलं जिथे पडदा टिकतो, आणि पडदा लागला!

"बघा मालक. नवा टिकेल असा? जुन्या ट्रकांची वायर थेट लागते याला, मध्ये काही जोडावं लागत नाही. पडदा बदला, बॅटरी बदला, अजून माझ्यानंतरही चालेल."

नव्या ट्रकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. जेरेने तोंड उघडलं, मग माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. मालक खूश झाले. पैसे वाचले तर कुठला मालक रडतो? लॅपटॉप लुसाकाला गेला आणि नवा पडदा, नवी बॅटरी घालून परत आला. कपेंब्वा शीळ घालत घरी आला. कितीतरी दिवसांनी त्याने माझ्या भाजीला चांगली म्हटलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात मालक जेवायला बसले. कपेंब्वा एका टोकाला, जेरे दुसऱ्या.

"लोंबेची आई, तुझा नवरा साधा माणूस," मालक मला म्हणाले. "नवा त्याच्याच नावाने घेणार होतो मी. सोल्वेझीच्या खाणीचे नवे ट्रक येणार होते ना, ते सगळे त्याच्या हाताखाली. हा जेरे दोनदा येऊन सांगून गेला, मला त्याने शिकवलंय, आधी त्याला द्या, मी त्याच्या शेजारी बसून शिकेन. पण याचा जुन्यावरच जीव. गेलं ते काम दुसऱ्या गॅरेजला."

पळी माझ्या हातात तशीच राहिली. त्या दुपारी मी किती मोठ्याने हसले होते!

मी नवऱ्याकडे पाहिलं. आधी वाटलं, नवा हातचा गेला म्हणून चेहरा पडला असेल. तसं नव्हतं. नव्याचं दुःख त्याने पचवलं असतं. जेरेने मालकांच्या कानात त्याच्याविरुद्ध काही घातलं असतं, तरी त्याने पचवलं असतं, वर महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला असता. पण हा पोरगा ड्रायव्हरही घेऊन गेला आणि मोठेपणाही घेऊन गेला, हे त्याला गिळवेना.

जेरेलाच अवघडल्यासारखं झालं. वातावरण हलकं करायला तो ओरडला, "बघ रे माकडखाऊ! तुला सांगितलं होतं की नाही? आता दंड भर. एक कोंबडी आण, मोठी!"

सगळे वाट बघू लागले. आता कपेंब्वा काहीतरी झणझणीत हाणणार, मग हशा होणार आणि झालं गेलं विसरून जाणार. रिवाज असतो तो त्यासाठीच. मीही मनात म्हणत होते, दे शिवी, दे एकदाची शिवी.

कपेंब्वाने हात धुतले. उभा राहिला. परक्या वडीलधाऱ्यासमोर वाकतात तसा थोडा वाकला आणि नावामागे मानाचं 'बा' लावून म्हणाला, "बा जेरे, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही सावकाश जेवा."

थट्टेच्या भावाला शिवीऐवजी मान दिला, म्हणजे त्याला परकं केलं. मालक ताटाकडे बघत राहिले. जेरेच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. सासऱ्यांच्या मयतालासुद्धा मी त्याला असं बघितलं नव्हतं.

"ए उंदीरखाऊ," मी घाईने म्हटलं, "भाजी घे की अजून."

"नको, बाई," तो म्हणाला. "पोट भरलं माझं."