भर उन्हात सोडलेले पडदे

भर उन्हात घराचे पडदे सोडायचे, हे काय वागणं झालं? पाऊस नाही, वादळ नाही, समुद्र ताटात ओतल्यासारखा निपचित, आणि हा इओआसा चर्चच्या गाण्याच्या घराचे झावळ्यांचे पडदे पार जमिनीपर्यंत सोडून आत बसलेला! फुआतिनोचं डोकंच फिरलं. आपल्या बेटावरच्या घरांना भिंती नसतात. कोण जेवतंय, कोण भांडतंय, कोण घोरतंय, सगळं रस्त्यावरून दिसतं, आणि दिसावंच. पडदा सोडायचा तो पावसाला. उन्हाला लपवण्यासारखं असतं काय माणसाजवळ?

त्या दिवशी महिला समितीची घरपाहणी होती. कोणाच्या चटया झटकलेल्या नाहीत, कोणाचा संडास घाण आहे, ते बघत बायका गावभर फिरतात, आणि फुआतिनो पुढे असली की कोणाची धडगत नसते. गाण्याच्या घरापाशी सगळ्या थबकल्या.

"उन्हाने आवाज बसतो वाटतं इओआसाचा," वालासी म्हणाली. एरवी तिच्या बोलण्यावर बायका खिदळतात. आज कोणी हसलं नाही.

फुआतिनोने काठीने पडदा वर केला. आत इओआसा आणि शेजारची तेउइला, दोघंच. पोरगी त्याला अगदी खेटून बसलेली, हातात त्याचा फोन. पडदा हलताच पोरगी दचकली. तो मात्र सावकाश उठला.

"वाऱ्याने वह्या उडतात, आई."

"कुठला वारा? झाडाचं पान हलत नाहीये."

"तिला गाण्याचे शब्द लक्षात राहत नाहीत ना, म्हणून जरा जास्तीचं शिकवतो."

"मग दुसरं मोठं माणूस कुठंय? पडदे वर का नाहीत? तूच शिकवलंस ना आम्हाला?"

तो हसला. लहानपणी नीरफणस चोरून खाल्ला की हसायचा, तसाच.

त्यानेच शिकवलं होतं, हे खरं. फुआतिनोच्या धाकट्या बहिणीचं हे पोर. बहीण बाळंतपणात गेली आणि फुआतिनोने त्याला नारळाचं दूध पाजून वाढवलं. पुढे चर्चने त्याला ऑकलंडला शिकायला धाडलं. परत आला तो मुलांचा सांभाळ कसा करावा ते शिकून. साऱ्या गावासमोर उभा राहून बोलला: मुलासोबत मोठ्याने एकटं बसायचं नाही, दोघं हवेत. पडदे वर. मुलाला गुपित द्यायचं नाही, त्याचं गुपित पोटात ठेवायचं नाही. मूल आपणहून बोललं तर त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत, आणि गावातल्या गावात न मिटवता ठाण्यात कळवायचं. मागच्या बायका कुजबुजल्या तशी फुआतिनो गरजली होती, "माझा मुलगा बोलतोय, तोंडं मिटा!" ती स्वतः शाळेत गेली जेमतेम. पण त्या दिवशी तिची मान अशी ताठ होती की जणू ते शिक्षण तिनेच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेउइला नेहमीसारखी फुआतिनोकडे चटयांसाठी केतकीची पानं सोलायला आली. पलीकडच्या घरातल्या विधवा सेफिनाची ही लेक. वयाने बाराची, समज सहाची. हात मात्र असा की पान कधी फाटायचं नाही. आज तिने दोन फाडली.

फुआतिनोच्या जिभेवर हजार प्रश्न आले. तिने ते गिळले. तिच्या सबंध आयुष्यात तिने गिळलेले एवढेच प्रश्न.

बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, "आजी, तू रागावलीस?"

"नाही गं. का?"

"तू पडदा वर केलास म्हणून. तुला तर माहीतच होतं ना? तो म्हणाला, आजीला सगळं माहीत आहे, आजीनेच सांगितलंय. कोणाला बोललीस तर आजी पानं सोलायला येऊ देणार नाही."

गावातली पोरं तिच्या जिभेला घाबरतात, याचा तिला कोण अभिमान. त्या जिभेचं कुलूप करून त्याने या लेकराच्या तोंडाला घातलं होतं.

पोरगी आणखी बोलली. जे बोलली ते तिचं आहे, ते इथे सांगायचं नाही. फुआतिनोने मधे एक शब्द घातला नाही.

शेवटी म्हणाली, "मला काहीच माहीत नव्हतं, बाळे. आणि आता कळलंय ते मी लपवणार नाही. तुझ्या आईला सांगणार, मग ठाण्यात. चूक तुझी नाही. उद्याही पानं सोलायला ये, आणि हवी तेवढी फाड."

सेफिनाने सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "तुमच्या घरचा म्हणून पाठवत होते हो मी."

पोलिसांना फोन फुआतिनोनेच लावला, सेफिनाच्या समोर बसून.

फोनचं कळताच, दिवस कलायच्या आधी, तिचा भाऊ मालाकी इओआसाला घेऊन आला. मालाकी घराण्याचा प्रमुख. बसता बसताच म्हणाला, "ताई, ती मोठी चटई काढ."

ती मोठी चटई म्हणजे रेशमासारखी तलम. तेउइला रांगत होती तेव्हा फुआतिनोने विणायला घेतलेली. इओआसाला धर्मगुरूची दीक्षा मिळेल त्या दिवशी सगळ्या गावासमोर उलगडायची म्हणून.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पहाटे आम्ही दोघं डोक्यावर घेऊन सेफिनाच्या अंगणात बसतो. तिने येऊन चटई उचलली की क्षमा झाली. मग पुन्हा ब्र काढायचा नाही कोणी. पोलिसही म्हणतील, गावाने मिटवलंय."

"आणि नाहीच उचलली तर?"

"एकटी बाई. आपल्यासारख्या घराण्याला ताटकळत ठेवायची तिची टाप आहे? ऊन चढायच्या आत उचलेल."

"म्हणजे क्षमा मागायला नाही, घ्यायला चाललात."

"ताई, घराण्याचं नाव..."

"नाव का? ते तर याने आधीच वापरलंय."

इओआसा पुढे सरकला. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाला, "आई, ती भाबडी पोर, मनाचं काहीबाही रचते. पण घरासाठी मी खाली मान घालून बसेन. तू तर मला ओळखतेस."

मालाकीने पेटीकडे बोट दाखवलं. फुआतिनो उठली, पेटी उघडली, चटई काढली. इओआसाने तेवढ्यात हातही पुढे केले. तिने ती छातीशी घट्ट धरली. लांबून पोलिसांच्या गाडीचा आवाज येत होता.

"हात खाली घे," ती म्हणाली. "ही चटई उद्या सेफिनाच्या अंगणात जाईल, पण माझ्या डोक्यावर. माझ्या नावाने पोरीचं तोंड बांधलंस, त्याची क्षमा मी मागेन. ती उचलो, न उचलो, उन्हात बसेन, आणि तिची तक्रार ठाण्यात तशीच राहील. तुझ्यावर मी काही पांघरणार नाही, इओआसा. पडद्यांआड तुझं बालपण गेलं नाही, उघड्या घरात वाढवलंय मी तुला. आता तसाच उघड्यावरून चालत जा त्या गाडीपर्यंत, साऱ्या गावाला दिसू दे. आणि ठाण्यात आईचं नाव विचारलं तर माझं सांग. पण मला माहीत होतं, असं पुन्हा कधी कोणाला सांगू नकोस."