डावीला आधीच कळलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे, आणि त्यातही डावी. आफ्रिकेतल्या घाना देशात, कुमासी शहराच्या बाजारातल्या एका कारागिराने मला काळ्या चामड्यातून कापलं, वर रुंद पट्टा बसवला, आणि उजव्या बहिणीसोबत मी बोआदी आजोबांच्या पायात आले. तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही. आता भिंतीवर टांगलेली आहे, तरी जीव नुसता शिवशिवतो.

माणसं तोंडाने काय वाटेल ते बोलतात. पाय मात्र खरं बोलून जातात. आजोबा रागावले की टाच आपटायचे, खुशीत असले की आम्ही चट चट वाजायचो, आणि काळजी लागली की ते बसल्या जागी अंगठा सारखा माझ्यात खुपसायचे. अंगणात उकडलेले कसाव्याचे कंद मुसळाने कांडून जेवणाचा फुफू करणारी त्यांची लेक सेरवा नुसत्या आवाजावरून ओळखायची. आज बाबांचं बिनसलंय, कुणी काही मागू नका, असं भावंडांना बजावायची.

मग आजोबांची चाल संथ झाली. डावा पाय फरफटत येऊ लागला. आमच्याकडे मानाची माणसं अशीच चालतात, सावकाश, चपला ओढत. त्यामुळे म्हातारा काय रुबाबात चालतो म्हणून गाव खूश. बाबा आता राजेच झालेत, अशी सेरवानेही थट्टा केली, आणि आजोबा मिशीतल्या मिशीत हसले. मी तळमळत होते. पाय मला धरतच नव्हता! अंगठ्याखाली एक खडा रुतून बसला होता, तिथली कातडी ओली झाली होती, आणि अंगठा हूं की चूं करत नव्हता. सांगू कुणाला? चपलेला जीभ कुठली?

त्यातच नानांच्या दरबारी जायचा दिवस आला. नाना म्हणजे आमच्या गावचे प्रमुख. शेताच्या बांधावरून आजोबांचं त्यांच्याशी वाजलं होतं, बोलणं बंद होतं, आणि आज चार लोकांसमोर ते मिटवायचं होतं. नानांपुढे जाताना चपलांतून पाय बाहेर काढायचे, हा आमचा रिवाज. चप्पल घालून पुढे जाणं म्हणजे मी तुम्हाला मानत नाही, असं तोंडावर सांगणं.

आजोबांनी पाय काढले. निदान त्यांना तसं वाटलं. उजवी मागे राहिली. मी मात्र सुजलेल्या पायात अडकून तशीच पुढे गेले. 

"बघा, अजून याची घमेंड जात नाही," एक कारभारी म्हणाला. दंडाला एक मेंढी घ्यायची की दोन, यावर कुजबुज सुरू झाली. नानांचा चेहरा कडक झाला. आजोबा गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिले.

सेरवा मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बापाच्या तोंडाकडे.

"नाना, दंड आम्ही देऊ," ती म्हणाली.  "पण आधी बाबांना विचारा, त्यांच्या डाव्या पायात काय आहे?"

"काय असणार? काढली की मी चप्पल," आजोबा म्हणाले.

मग त्यांनी खाली पाहिलं.

नानांनी पुन्हा दंडाचं नाव काढलं नाही. स्वतःची गाडी काढायला लावली. मधुमेहाने पायाची जाणीव गेली होती. पाय बधिर झालाय हे आजोबांना ठाऊक होतं, पण लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून ते दडवत होते. इस्पितळात पाय वाचला, अंगठा गेला. अंगठ्याशिवाय मला धरणार कशाने? म्हणून मी इथे भिंतीवर, आणि बहीण शेजारी.

वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण आजोबा बंद बूट घालून अंगणात आले की मी अजून कान देऊन ऐकते. सेरवाचं मुसळही तेवढ्यापुरतं थांबतं. संध्याकाळी ती त्यांचे तळवे मांडीवर घेऊन निरखून बघते. मी काय तान्हं बाळ आहे का, म्हणून ते कुरकुरतात आणि दुसरा पाय आपणहून पुढे करतात.

मित्रांनो, घरातल्या कुणाची चाल बदलली, तर तिचं कौतुक नंतर करा. आधी त्यांना खाली बसवा, आणि त्यांच्या चपला तुम्ही काढा.