गोळी सोडण्याचा नेम

अठ्ठ्याहत्तर साली आषाढी एकादशीला मी गोळी सोडली.

कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी मीठ. चातुर्मासात आपल्याला हवंसं काहीतरी सोडायचं आणि ते देवाच्या पायाशी ठेवायचं, हे मी कळू लागल्यापासून करत आले. कॅनडात स्कारबरोला आल्यावरही त्यात खंड पडला नव्हता. अकराव्या मजल्यावरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये टॉवेल ठेवायच्या कपाटात देव होते. दार उघडलं की देवघर, लावलं की कपाट. त्या सकाळी आंघोळ करून मी हातावर पाणी घेतलं आणि मनातल्या मनात म्हटलं, कार्तिकीपर्यंत ही पिवळी गोळी घेणार नाही. पाणी ताम्हनात सोडलं आणि उठले.

गोळी सुरू होऊन तीन हिवाळे झाले होते. उल्काच्या पाठचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर मला झोप येईना आणि रडू थांबेना, म्हणून डॉक्टरांनी थोडे आठवडे घ्या म्हणून ती लिहून दिली. पण बाटली संपली की दुसरी यायची. रडू थांबलं हे खरं, पण त्याच्याबरोबर बाकीचंही थांबलं. स्तोत्र म्हणताना जीभ चालू असायची आणि मी कापसात गुंडाळून कुठेतरी ठेवल्यासारखी. देवासमोर बसलं तरी समोर कुणी आहे असं वाटेना. त्या वर्षी बाळाची तिथी आली आणि मला ती दुपारी भांडी घासताना आठवली. आठवली तरी काही झालं नाही. त्याचीच मला भीती वाटली.

मी यांना काही सांगितलं नाही. नेम बोलून दाखवला की त्याचं पुण्य जातं, असं आमच्याकडे मानत. शिवाय सांगितलं असतं तर यांनी सोडू दिलीच नसती. हे म्हणजे नंदन, माझे यजमान. पुलांची गणितं करणारा माणूस. जे उभं आहे त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा स्वभाव.

पहिला आठवडा फार छान गेला. मला वाटलं, देवाने पदरात घेतलं.

मग एका दुपारी फ्रिजची मोटर सुरू झाली आणि तो आवाज माझ्या दातांत शिरला. मी कान झाकले तरी जाईना. संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगच्या काचांवरून ऊन परतून घरात आलं तेव्हा डोळे फोडून घ्यावेत इतकं टोचलं. दुसऱ्या दिवशीपासून तोंडात तांब्याची पळी धरल्यासारखी चव. चालताना पायाखालची जमीन किंचित हलायची, नावेत हलते तशी. निरांजन लावायला गेले तर काडी वातीपर्यंत पोचेना, हात इतका थरथरत होता. उल्का मागून "आई" म्हणाली तरी अंगावर कुणीतरी धावून आल्यासारखी मी दचकायची. ती पाच वर्षांची पोर, मला हाक मारायच्या आधी दारात थांबून माझ्याकडे बघू लागली.

देव परीक्षा बघतोय, असं मी स्वतःला सांगितलं. सोमवारच्या जोडीला गुरुवारही धरला.

यांच्या लक्षात आलं नसतं तर नवल. बेडरूमचं दार लावून हे डॉक्टरांशी फोनवर हळू आवाजात बोलले. तिचं परत सुरू झालंय, एवढं मला ऐकू आलं. डॉक्टरांनी गोळी दुप्पट करायला सांगितली. त्या दिवसापासून हे रोज संध्याकाळी स्वतः दोन गोळ्या माझ्या हातावर ठेवायचे, पाण्याचा पेला द्यायचे आणि समोर उभे राहायचे. मी गोळ्या गालात धरून ठेवायची. मग बाल्कनीत तुळशीला पाणी घालायला जायची आणि त्या मातीत खुपसायची.

म्हणजे यांच्या हिशेबाने मी दुप्पट गोळी घेऊनही दिवसेंदिवस बिघडत चालले होते.

"मृणाल, डॉक्टर म्हणतायत अजून दोन आठवडे बघू," एके दिवशी हे म्हणाले. "नाहीतर तुला इस्पितळात ठेवावं लागेल. मोठ्या."

मोठं म्हणजे वेड्यांचं, हे मला कळलं.

"आणि गणपतीला शीला पुण्याला चाललीय. उल्काला तिच्याबरोबर पाठवू. आईकडे राहील. इथे तिने हे सगळं बघायला नको."

शीला ही माझी नणंद, ओकव्हिलला राहणारी. "किती दिवस?" मी विचारलं.

"तू बरी होईपर्यंत."

बोलावं तर नेम जाणार, न बोलावं तर मूल जाणार. एवढं स्वच्छ दिसत असूनही तोंड उघडेना. डोक्यात सारखं एकच: एवढे दिवस सोसलं, आता मोडलं तर देव याहून मोठं काहीतरी घेईल. एकदा त्याने घेतलेलंच होतं.

त्या रविवारी मी तळघरात कपडे धुवायला गेले. ड्रायर फिरत होता आणि त्यात कुणाच्या तरी पँटचं बक्कल खडखडत होतं. मी टोपली टाकली, दोन्ही कान दाबले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"कधी सोडलीस गो?"

वर बघितलं तर आयरीनबाई. आमच्या मजल्यावरच राहायच्या. रेवदंड्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, नवरा गर्शोम वारल्यानंतर एकट्याच. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी लिफ्टचं बटणसुद्धा स्वतः दाबायच्या नाहीत, कुणी येईपर्यंत लॉबीत पर्स धरून उभ्या राहायच्या. तेवढ्यावरून आमची ओळख.

"काय सोडलं?" मी म्हटलं.

"गोळी. मला नको शिकवूस. घरात काळा चष्मा लावून बसतेस, उल्का सांगत होती. गर्शोम गेला तेव्हापासून मीपण खाल्लेत त्या. मग एकदा राग आला नि बाटली कचऱ्यात टाकली. पंधरवड्यानं फिट येऊन किचनमध्ये पडले. ही बघ जीभ." त्यांनी खरंच जीभ काढून दाखवली. कडेला एक खाच होती.

"माझा जुना आजार परत आलाय," मी म्हटलं. "सगळे म्हणतात."

"सगळ्यांना माहीताय का तू गोळी सोडलीस ते?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग सगळे काय कपाळ सांगणार? आजार नाही बाय हा. सवय झालेलं अंग एकदम उपाशी ठेवलंस, ते ओरडतंय. पण असं ओरडता ओरडता मरतंसुद्धा माणूस. आज घे. वर जाऊन आधी घे."

तेव्हा मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. चातुर्मास, पाणी सोडणं, तुळशीतल्या गोळ्या, सगळं. आयरीनबाई ऐकत माझे कपडे मशीनमध्ये टाकत होत्या.

"देवाला काय करायची तुझी गोळी?" त्या म्हणाल्या. "त्याला रात्रीची झोप लागत नाही का?"

मला हसू आलं. हसता हसता रडू आलं. तीन वर्षांत न आलेलं रडू, आणि ते आवरेना. त्यांनी मला धुवायला आणलेलाच एक टॉवेल दिला.

मग त्या माझ्याशेजारी लाद्यांवर बसल्या. "हे बघ, नेम काय असतो ते मला कळतं. पण तुमच्यात सगळं एकदमच टाकावं लागतं? हळूहळू सोडायचं असं काहीच नाही?"

"आहे," मी म्हटलं. म्हणेपर्यंत मला स्वतःलाच ते आठवलं नव्हतं. "चांद्रायण."

माझी शोभामावशी करायची. पौर्णिमेला पंधरा घास, मग चंद्राबरोबर रोज एकेक घास कमी. अमावास्येला काही नाही. मग परत एकेक वाढवत न्यायचा. एकदम उपाशी राहण्यापेक्षा हे व्रत मोठं मानतात.

"मग तुझा देव शहाणाय की," आयरीनबाई म्हणाल्या. "घाई तूच केलीस. चल, नंदन घरी आहे ना?"

"आत्ता नको."

"आत्ताच. मी आहे."

हे पेपर वाचत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. यांनी पेपर खाली ठेवला, बाल्कनीत गेले, तुळशीच्या मातीत बोट घातलं आणि विरघळलेला पिवळा गर बोटावर घेऊन आत आले.

"मी स्वतः हातावर ठेवत होतो," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "समोर उभा राहत होतो. आणि तू..."

"नंदन, भांडण मागाहून कर," आयरीनबाई म्हणाल्या. "आधी तिला गोळी दे. जुनी होती तेवढीच, दुप्पट नाही."

"आयरीनबाई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. म्हणून तर उद्या हिच्याबरोबर डॉक्टरकडं येणाराय."

मी कपाटाचं दार उघडलं. देवांसमोर उभी राहून गोळी घेतली आणि या खेपेला गिळली. काही वीजबीज पडली नाही. तरी मी दार न लावता तिथेच बसून राहिले.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. सोडायची घाई काय, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, सोडायचीच असेल तर थोडी थोडी, दर महिन्याला मला दाखवून, आणि पुन्हा अशी एकदम कधीही नाही. थोडी म्हणजे किती हे त्यांनी आणि आयरीनबाईंनी मिळून ठरवलं. मी ते पंचांगात बसवलं. वद्य पक्षात गोळी नखाच्या कानशीने रोज जराशी घासायची. शुद्ध पक्षात वाढवायची नाही, आहे तिथेच थांबायचं आणि अंगाला दम घेऊ द्यायचा. मावशीचं चांद्रायण ते नव्हे. पण माझं होतं.

उल्काचं तिकीट मात्र तसंच होतं. "शीला पुढच्या शुक्रवारी विचारायला फोन करेल," हे म्हणाले. "तोवर बघू." हे माझ्याशी त्या दिवसांत मोजकंच बोलत. संध्याकाळी मी गोळी घेतली की माझ्या तोंडाकडे बघत.

श्रावणी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा गोळी घासली. सुरुवातीचे दिवस सोपे गेले. ते सोपे जातात हे मला आता ठाऊक होतं, म्हणून मी वाट बघत होते.

तो शुक्रवार म्हणजे गोकुळाष्टमी. दुपारी मी सुंठवडा करत होते. उल्का टेबलापाशी खोबरं किसल्यासारखं करत खात होती. सुंठीचा वास नाकात गेला आणि काहीही कारण नसताना आतून सगळं सुटलं. जमीन कलली. खोली लांब गेली, उल्का लांब गेली, आणि समोर फक्त बाल्कनीचं उघडं दार राहिलं. तिथून वारा येत होता. तिथे गेलं तर हे थांबेल, असं वाटलं. कुणी बोलल्यासारखं नव्हे. पाणी पिऊ या असं वाटावं, तितकं साधं वाटलं.

मी भिंत धरून गेले, दार लावलं, कडी घातली आणि त्याला पाठ लावून जमिनीवर बसले.

"आई?" उल्का म्हणाली.

"तू खोबरं खा राणी. पण तिथेच बस." आयरीनबाई कामावर गेल्या होत्या. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि मला दारापासून हलायचं नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. किल्ली फिरली. हे रोजच्यापेक्षा लवकर आले होते, शीलाच्या फोनसाठी.

पूर्वीची मी उठले असते. पदर सारखा करून चहा ठेवला असता. आजच्या दिवसापुरतं तेवढंच पुरलं असतं, उल्का राहिली असती. हे बूट न काढता माझ्याकडे बघत उभे होते.

"इथे का बसलीयस?"

"मला फार वाईट वाटतंय," मी म्हटलं. "उठता येत नाहीये. दार उघडं होतं. मला बाहेर जावंसं वाटत होतं."

यांना कळायला क्षणभर लागला. मग यांनी माझ्या डोक्यावरच्या कडीकडे बघितलं. तेवढ्यात फोन वाजला.

यांनी तो उचलला. मी डोळे मिटले.

"हो शीला. नाही, बरी नाहीये. आज तर फारच नाही." मग बराच वेळ हे ऐकत होते. शीला मोठ्याने बोलते, तिचा आवाज मलाही येत होता, शब्द नव्हते येत. "नाही, ऐक. काय होतंय ते तिने स्वतः सांगितलं मला. पहिल्यांदा. ...नाही, उल्का इथेच राहील. ते तिकीट रद्द कर. हो, विचार करून सांगतोय. नाही गं, पैशाचं राहू दे."

फोन ठेवून हे तिथेच उभे राहिले. "हे असं किती दिवस?"

"अमावास्येपर्यंत. मग पंधरा दिवस जरा बरं."

"आणि मग?"

"मग परत."

"अशा किती अमावास्या?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. बाहेर वारा वाढला होता आणि माझ्या पाठीला काच थरथरत होती.

यांनी बूट काढले. कडी हलवून बघितली. मग माझ्याशेजारी खाली बसले आणि आपलीही पाठ त्या दाराला लावली.

"व्हाय आर यू बोथ ऑन द फ्लोअर?" उल्काने विचारलं.

"येतेस का?" हे म्हणाले. "ये. खोबरं घेऊन ये."