मीडियम डोक्याचं हेल्मेट

धम्मप्रिया वळसंगच्या माळावर सायकलवरून पडली. कोपर फुटलं, गुडघा सोलला आणि डोक्याला काहीही झालं नाही. त्यामुळे घरात आठवडाभर फक्त डोक्याची चर्चा झाली.

धम्मप्रिया सत्तेचाळीस वर्षांची, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. तिनं डांबरी रस्त्यावर सायकल चालवली असती तर घरानं त्याला व्यायाम म्हटलं असतं. पण ती चालवायची गुरांच्या पायवाटांवर, ओढ्याच्या काठानं, मुरमाच्या उतारांवर. याला काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. नवरा प्रदीप 'तुझं ते' म्हणायचा. सासूबाई येसूबाई, ज्यांना ती आत्या म्हणते, काहीच म्हणायच्या नाहीत. ती निघाली की फक्त, "पाणी घेतलंस का," एवढं विचारायच्या. थोरले दीर नागनाथदादा मात्र 'थेर' म्हणायचे, आणि हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला होता.

आता येणारा रविवार महत्त्वाचा होता. तिच्या सायकल मंडळात दर रविवारी कुणीतरी पुढं राहून वाट दाखवायचं आणि कुणीतरी शेवटी राहून मागं पडलेल्यांना गोळा करायचं. पुढं आजवर पुरुषच राहिले. गोळा करायचं काम बायकांकडे आपोआप यायचं. घरी सवय असतेच, असा हिशेब. या रविवारची वाट मात्र धम्मप्रियानं स्वतः शोधलेली होती, म्हणून मंडळाच्या भुवनेश्वरीनं भांडून तिचं नाव पुढं लावलं होतं. अट एकच होती. हेल्मेट हवं. आजवर सगळ्यांनी टोप्यांवर भागवलं होतं, पण धम्मप्रिया पडल्यापासून मंडळाला अक्कल आली होती.

घराचीही अट तीच निघाली. नागनाथदादा श्रीपूरला साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, घरातल्या पुरुषांत सगळ्यात मोठे आणि सगळ्यात रिकामे. त्यांनी निकाल दिला.

"हेल्मेट घालत असशील तर जा. पण मी बघून पास केल्याबिगार न्हाय."

धम्मप्रिया लगेच हो म्हणाली. दादांना हे अपेक्षित नव्हतं. या घरात हेल्मेट कुणी घालत नसे. प्रदीपचं हेल्मेट चार वर्षं मोटारसायकलच्या आरशाला अडकवलेलं होतं आणि त्या काळात आरशाला एकदाही इजा झाली नव्हती.

शुक्रवारी दुपारी ती, प्रदीप आणि दादा असे तिघं नवी पेठेत शिवानंदच्या दुकानात गेले. पैसे तिचे, डोकं तिचं. पण निवडायला तिघं, कारण घरात आजवर कुणी एकट्यानं चप्पलसुद्धा घेतली नव्हती. वस्तू घ्यायची ती सगळ्यांना होईल अशी, हा घराचा कायदा. प्रदीपचं जर्किन दादांना व्हायचं, दादांची छत्री प्रदीपला, धम्मप्रियाची शाल आत्यांना आणि थर्मास सगळ्या गल्लीला.

शिवानंदनं खणातून एक टॉवेल काढला. जाड, चांगला, सोलापुरी.

"आदी हे बांधा, मॅडम."

"हेल्मेट बघायला आलोय."

"व्हय की. टॉवेलावरच बघत्यात सगळी. घाम बी टिपतोय, ऊन बी लागत न्हाय री."

हे खरं होतं. उन्हाळ्यात सोलापुरात बिनटॉवेलाचं डोकं दुपारी बाहेर पडत नाही. त्यामुळे शिवानंद सगळ्या शहराची डोकी टॉवेलासकट मोजत आला होता आणि सगळं शहर एक्सेल मापाचं निघालं होतं. त्यानं धम्मप्रियाच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला, त्यावर एक्सेल चढवलं आणि वरून दोनदा थोपटलं.

"बसलं!" नागनाथदादा म्हणाले. "घट्ट बसलं. मला दे बघू." त्यांनी स्वतः घालून बघितलं. मग प्रदीपच्या डोक्यावर चढवलं. "सगळ्यांना हुतंय. बांध ह्येच."

धम्मप्रियानं टॉवेल सोडून घडी करून काउंटरवर ठेवला. मग तेच हेल्मेट नुसत्या डोक्यावर घातलं, पट्टा न लावता खाली वाकली आणि मान हलवली. हेल्मेट निघालं, फरशीवर आपटलं, गोल फिरत हवेच्या पंपापाशी जाऊन थांबलं.

"मी पडले असते तर टॉवेल सुखरूप राहिला असता," ती म्हणाली.

"पट्टा लावला न्हाईस की!"

"पट्टा हेल्मेट धरून ठेवायला असतो. बसायचं काम हेल्मेटचं." पडल्यापासून तिनं याच विषयाचा अभ्यास केला होता, आणि शिकवायची सवय जात नाही. पर्समधून शिवणकामाची टेप काढून तिनं कपाळावरून, भुवयांच्या जरा वरून, डोक्याभोवती गुंडाळली. "पंचावन्न. मीडियम दाखवा. माळावरचं. पाठीमागं मानेपर्यंत खाली येतं ते, पुढं झापड असलेलं."

शिवानंद स्टुलावर चढला. अगदी वरच्या फळीवरून त्यानं एक खोका काढला आणि त्यावर फुंकर मारली. तिघंही खोकले.

"कंपनी पाठवती, म्हणून ठेवायचं. खपत न्हाय. सोलापुरात मीडियम डोकंच न्हाय, मॅडम."

आत पोपटी रंगाचं हेल्मेट होतं. भरपूर खाचा, मागं आवळायची चकती. तिनं घातलं, चकती फिरवली, वाकली, मान हलवली. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली, पण हेल्मेट डोक्यावरून सरकलं नाही. पट्टे कानाखाली दोन्ही बाजूंनी नीट जुळले. आरशात बघून ती हसली, आणि हे हसू दादांना आवडलं नाही.

"मीडियम?" ते म्हणाले. "आमच्या घरात मीडियम डोकं कुणाचं न्हाय."

"दादा, डोकं माहेरचं आहे."

प्रदीप खदकन हसला. मग आपण कुणाच्या बाजूनं आलो आहोत ते आठवून त्यानं सायकलची एक घंटी वाजवून बघितली.

"मला व्हईल का ह्ये?" दादांनी विचारलं.

"नाही."

"पर्द्याला?"

"नाही."

"मग तू घरात बसलीस की ह्येचं काय करायचं? नुसतं पडून ऱ्हाणार?"

"हो. पडून राहील."

त्या घरात आजवर कुठलीही वस्तू एका माणसाची म्हणून पडून राहिलेली नव्हती. शिवानंदनंसुद्धा टॉवेलाची घडी उगीच पुन्हा घातली. प्रदीपनं मोटारसायकलवरचं, तोंड झाकणारं मोठं हेल्मेट दाखवून पाहिलं. "हे घे की. मजबूत आहे. चेहरापण वाचतो."

"चढावर बेचाळीस डिग्रीत हे घातलं तर चेहरा वाचेल, मी शिजेन. तुम्हाला मजबूत वाटतं तर तुम्ही घाला. तुमचं आरशाला अडकवून फार दिवस झाले, त्याला सुट्टी द्या."

तिनं पोपटी बांधून घेतलं.

घरी आल्यावर ती चहा टाकायला आत गेली. दादा पायरीवर बसले. अजून पास करायचं बाकी होतं. नागनाथदादा कुठलीही वस्तू वाजवल्याशिवाय घरात घेत नाहीत. मडकं वाजवतात, कलिंगड वाजवतात, प्लास्टिकची खुर्ची वाजवतात. प्रदीपच्या लग्नात त्यांनी वाजंत्रीवाल्यांचा ढोलही आधी स्वतः वाजवून मग ठरवला होता. त्यांनी आतून वरवंटा आणला, हेल्मेट पायरीवर पालथं ठेवलं आणि मापात एक दणका दिला.

धम्मप्रिया बाहेर आली तेव्हा पोपटी कवचावर आडवी चीर होती आणि दादांच्या तोंडावर दुःखी समाधान.

"बघ. एका दणक्यात ग्येलं. ह्ये घालून डोकं वाचवणार व्हतीस?"

तिनं हेल्मेट उचललं, आतला फोम अंगठ्यानं दाबला. तो तिथं खचला होता.

"दादा, तो दणका यानं खाल्ला. आत डोकं असतं तर डोक्यापर्यंत पोचू दिला नसता. फुटायलाच असतं हे. एकदाच. आता याचा उपयोग संपला."

"मग फुटणारी वस्तू इकत कशाला घ्यायची?"

"काडी एकदाच पेटते. आगपेटी घ्यायची थांबलात का?"

दादांनी वरवंटा मांडीवर घेतला आणि निकाल दिला. "ते काय बी असू दे. माझ्यापुढं टिकलं न्हाय, पास न्हाय. हेल्मेट न्हाय तर रईवार न्हाय. तू कबूल केलंयस."

प्रदीप हळूच म्हणाला, "एक रविवार राहू दे ना, प्रिया. पुढच्या वेळी जा."

"पुढच्या वेळी मी परत शेवटी असेन. मागं पडलेल्यांना गोळा करत."

"मग काय बिघडलं? चांगलं काम आहे."

"तुम्ही करा. माझं पंचवीस वर्षं झालंय."

शनिवारी कॉलेज सुटल्यावर ती एकटीच नवी पेठेत गेली. शिवानंदनं तिच्या मागं पाहिलं.

"आज पंच न्हाय आले?"

"मीडियम आहे अजून?"

"कितीबी न्या. मागं सांगितलं की." त्यानं दुसरा खोका काढला. "पिशवीत घालू?"

"नको. डोक्यातच घालते."

तिनं हेल्मेट घातलं, चकती आवळली, पट्टा लावला आणि ते तसंच घालून घरी आली. उंबऱ्यावर काढलं नाही. हातपाय धुताना काढलं नाही. तसंच घालून कणीक मळली, वांगी चिरली, फोडणी दिली. खाचांतून वाफ वर जाऊ लागली तेव्हा प्रदीपनं काळजीनं विचारलं, "हे काय?"

"हेल्मेट."

शेजारच्या कीर्तीवहिनी विहारातल्या कार्यक्रमाचं सांगायला आल्या. दोघींचं जयभीम झालं. कोण कोण येणार, जेवणात काय, हे सगळं त्या तिच्या कपाळाकडं बघत बोलल्या. जाताना न राहवून म्हणाल्या, "वहिनी, छताचं काय पडतंय का तुमच्याकडं?"

"छताचं नाही. वरवंट्याचं."

कीर्तीवहिनींनी समजल्यासारखी मान हलवली आणि जरा लवकरच गेल्या.

ताटं वाढली. चौघं बसले. धम्मप्रियानं पोपटी झापडीखाली पहिला घास घेतला. दादांचा घास हातातच राहिला.

"काढ ते. मला बघू दे."

"बघा की. समोरच आहे."

"हातात दे."

"हातात दिलं की तुम्ही वाजवणार."

"वाजवल्याबिगार पास कसं करायचं?"

"मग वाजवा." ती उठली, आत गेली, वरवंटा घेऊन आली आणि दादांच्या ताटाशेजारी ठेवला. मग त्यांच्या समोर मान खाली घालून बसली. "मारा. हलकं नको, कालच्यासारखंच मारा. कालच्यात कुणी नव्हतं. आज आत मी आहे. मग कळेल काय टिकतं ते."

प्रदीप "प्रिया, हे जरा" एवढं म्हणाला आणि पुढचं त्यालाही माहीत नव्हतं.

दादांनी वरवंट्याकडं बघितलं. हेल्मेटकडं बघितलं. "मी असं म्हणालो का," ते पुटपुटले. पण वरवंटा ताटाशेजारीच राहिला, आणि धम्मप्रियाची मानही खालीच राहिली.

येसूबाई इतका वेळ निवांत जेवत होत्या. त्या पाणी प्यायल्या.

"खाजत न्हाय का गं त्यात?"

"खाजतंय, आत्या."

"मग?"

"खाजू दे."

येसूबाईंनी मान डोलावली. "नागू, वरवंटा आत ठिव. सकाळच्याला चटणी वाटायची हाय. आन् जेव. आमटी निवली."

नागनाथदादा साठी उलटलेले, निवृत्त, घरातले मोठे. ते उठले आणि वरवंटा आत ठेवून आले.

पण पास केलं नाही ते नाहीच. रविवारी सकाळी धम्मप्रिया सायकल घेऊन बाहेर आली तर ते फाटकात प्लास्टिकची खुर्ची टाकून, पाय समोरच्या खांबाला लावून पेपर वाचत होते. बाहेर पडायला बोळ तेवढाच. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "मी पास केलेलं न्हाय ह्ये."

"माहीत आहे, दादा."

"पडलीस तर मला सांगायचं न्हाय."

"बरं."

"आन् फोन चालू ठेव."

"बरं."

पाय मात्र हलले नाहीत. धम्मप्रियानं दोन क्षण वाट बघितली. मग सायकल खांद्यावर घेतली, ओढा ओलांडताना घेतात तशी, आणि दादांच्या पायांवरून टांग टाकून रस्त्यावर उतरली. पेपरचं एक पान फाटलं. दादांनी दुसरं उलटलं.

वळसंगच्या माळावर सगळे जमले होते. भुवनेश्वरीनं हेल्मेटभोवती एक चक्कर मारली, "रंग काय गं, पोपट घाबरतील," म्हणाली आणि आपणहून शेवटी जाऊन उभी राहिली. पुढं राहायची सवय असलेले दोघं अजून सवयीनं पुढंच होते. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, उतार जरा अवघड आहे. तेवढा आम्ही पुढं होतो, मग तुम्ही या."

"उतार कुठून आहे ते माहितेय तुम्हाला?"

दोघांनी माळाकडं बघितलं. माळ सगळीकडून सारखाच होता.

"मग मागं या," ती म्हणाली. "अंतर ठेवून."

ती निघाली. बाभळी संपल्या, पायवाट अरुंद झाली, आणि मुरमाचा तो उतार समोर आला जिथं ती मागच्या वेळी पडली होती. घसरलेल्या चाकाचा ओरखडा अजून दिसत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "हळू!"

तिनं ढुंगण सीटच्या मागं नेलं, नजर त्या ओरखड्यावरून उचलून पुढच्या वळणावर ठेवली आणि ब्रेक सोडला.