एका मुठीतल्या दोघी

मित्रांनो, आधीच सांगते, मला हात लावू नका. मी चाळीस वर्षांपूर्वी वाळलेली डहाळी आहे आणि एका जाड कागदावर चिकटवलेली आहे. माझ्या डावीकडे आणखी एक डहाळी आहे. आम्ही दोघी अगदी एकसारख्या दिसतो. खाली चिठ्ठीवर आमचे नाव आहे आणि नावापुढे एकच शब्द आहे, 'इथलीच'. त्या एका शब्दापायी पुढचे सगळे रामायण घडले.

आमचा जन्म तळ्याकाठचा. तिथल्या पिवळ्या फुलांच्या वेलीला लोक नुसते 'पिवळी' म्हणत. एका सकाळी वनस्पतीशास्त्राचे तरुण मास्तर पायऱ्यांवरून खाली वाकले आणि त्यांनी आम्हाला एकाच मुठीत खुडून घेतले. मग आम्ही रद्दी कागदांत गेलो आणि दोन फळ्यांच्या मध्ये आठवडाभर आवळून पडलो. कीड लागू नये म्हणून आम्हाला विषाच्या पाण्यात बुडवले. तेव्हापासून मला फारसे काही वाटेनासे झाले आहे. दुखत नाही, एवढे बरे आहे.

सुरुवातीला आमचा मोठा मान होता. पाहुणे आले की वनस्पती-संग्रहालयाच्या बाई कपाट उघडून आम्हाला दाखवत. तळे साफ करायचा विषय निघाला की मास्तर आमचा कागद पुढे करत आणि ठासून सांगत, "पिवळी इथलीच आहे. तिला उपटायचं नाही." त्यांचा शब्द कोण मोडणार? पिवळी वाढली. आधी काठ भरला, मग पाणीही झाकले गेले. होड्या अडकू लागल्या. एकदा नावाडी मास्तरांच्या दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेला. मास्तरांनी तळ्याकडे जाणेच सोडले. आमचे कपाटही उघडेनासे झाले. वीस वर्षे अंधारात गेली म्हणतात. मला ती दोन वाटली की दोनशे, हे सांगता येणार नाही.

मग एक दिवस चिमटा घेऊन मास्तरांची मुलगी आली. ती प्रयोगशाळेत काम करते. पानाच्या नखाएवढ्या तुकड्यावरून ती झाडाचे कूळ शोधते. तुकड्याची पूड करायची, त्यातला डीएनए वेगळा काढायचा, यंत्रात त्याच्या प्रती करायच्या आणि तो वाचायचा. वरून सारखी दिसणारी झाडे तिथे बरोबर उघडी पडतात. महिनाअखेरीला तळे साफ करणारे यंत्र येणार होते आणि पिवळी मुळासकट उपटली जाणार होती. त्याआधी बाबांचे म्हणणे खरे ठरावे, म्हणून तिची धडपड चालली होती. तिने माझ्या शेजारणीचे एक पान घेतले. उत्तर आले, इथलीच.

पण दोन दिवसांनी ती बाबांचा हात धरून आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मास्तरांना आता जवळचेही अंधूक दिसते.

"बाबा, या कागदावरची पिवळी इथलीच निघाली. पण तळ्यातली चाळीस पानं तपासली, ती सगळी परदेशी. काही ताळमेळच लागत नाही."

मास्तरांनी विचारले, "पान कुठल्या डहाळीचं घेतलंस?"

"डावीकडच्या."

"मग उजवीचंही घे."

"कशाला? एकाच झाडाच्या तर आहेत दोन्ही."

"असं मी लिहिलंय. खरं सांगू? एका मुठीत खुडल्या होत्या. मुळं बघायचा कंटाळा केला."

"बाबा, ही परदेशी निघाली तर लोक तुमच्यावर तुटून पडतील."

"पडू देत. घे तू."

तिने माझे पान घेतले. दुखले नाही. तीन दिवसांनी कळले की मी परकी. कुणाच्या तरी बागेतल्या शोभेच्या कुंडीतून माझे कूळ तळ्याकाठी आले असणार. जिला मी चाळीस वर्षे बहीण समजत होते, तिच्या जातीला माझ्या जातीने तळ्यावरून पुसून टाकले होते. विषाने माझी लाजही मेली असेल असे मला वाटत होते. ती मेलेली नव्हती.

मास्तरांनी एक गोष्ट मात्र चोख केली होती. चिठ्ठीवर जागा लिहिली होती: 'दक्षिणेच्या पायऱ्या, तिसरी पायरी, डावी फट.' मुलगी तिथे गेली. त्या फटीतल्या एकेका वेलीला तिने नंबर बांधला आणि सगळ्यांची पाने तपासली. तीन वेली शेजारणीच्या कुळातल्या निघाल्या. त्यांना लाल दोरे बांधले. यंत्र आले, बाकीची पिवळी उपटत गेले आणि त्या पायरीपाशी थांबले.

संग्रहालयात जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत, नवी तिच्या शेजारी लावतात. बाई नव्या चिठ्ठ्या लावता लावता म्हणाल्या, "कागद मधोमध कापू का? दोघी वेगळ्या होतील."

"नको," मास्तर म्हणाले. "एका मुठीत आल्यात, एकत्रच राहू देत. पेन द्या."

चाचपडत त्यांनी खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले, 'मुळे पाहिली नाहीत. चूक माझी.'

मित्रांनो, झाडाचे नाव लिहाल तेव्हा आधी मुळापर्यंत वाका, आणि जागा नीट लिहा. आमचा कागद बघायला याल तेव्हा तो दोन्ही हातांनी, आडवा धरून उचला. माझे काय, माझी जात बाहेर रग्गड आहे. डावीकडचीला जपा. तिची आता आठच पाने उरली आहेत, आणि त्यातले एक सुटायला आले आहे.