गोसेगोचा बिडाचा तवा

मित्रांनो, मला उचलायला दोन हात लागतात. मी जाड बुडाचा, उभ्या काठाचा, आखूड दांड्याचा, बराच जुना बिडाचा तवा आहे. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. साचा फोडून बाहेर काढले तेव्हा मी राखाडी आणि खरखरीत होतो. फ्रान्सिसटाउन शहरातल्या एका हॉटेलाच्या भटारखान्यात आलो आणि तिथे चरबी पिऊन पिऊन काळा, गुळगुळीत झालो.

तिथे मला स्वयंपाकीण गोसेगोने वापरले. बावीस वर्षे ती माझ्यावर स्टेक, म्हणजे गोमांसाचे जाड तुकडे, भाजत होती. गुरांचे व्यापारी, खाणीवरचे साहेब ताटे चाटूनपुसून खात आणि कौतुक करायला स्वयंपाक्याला बाहेर बोलावत. बाहेर जायचा तो मॅनेजर. गोसेगो तोवर पुढच्या तुकड्याला मीठ लावत असे. मला त्याचे वाईट वाटले नाही. तिला वाटले असेल तर तिने बोलून दाखवले नाही.

पुढे हॉटेलात गॅसवरची, मांस भाजायची लांबलचक लोखंडी पाटी आली. मी भंगारात निघालो. गोसेगोने मला डोक्यावर घेतले आणि घरी आणले.

घरी मला काम नव्हते. तिचा नवरा बाबोलोकी, त्याचा जन्म गुरांमागे गेलेला. त्याच्या मते मांस तीन पायांच्या हंड्यात सकाळभर उकळावे आणि मग कुटावे. "दोन मिनिटं आच दाखवली की झालं? अगं, ते अजून हंबरतंय!" असे म्हणून तो हसे. गोसेगो कामावरून थकून येई, वाद घालत नसे. एके दिवशी त्याने मला अंगणात ठेवले आणि माझ्यात कोंबड्यांसाठी पाणी ओतले. तीन वर्षे मी तिथेच होतो. मला गंज चढला.

मग गोसेगोला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणे शाबूत राहिले, उजवा हात गेला. नोकरी सुटली. शेजारणी ज्वारीची पेज आणून देत. ती दोन चमचे घेई आणि वाडगा सरकवी. बाबोलोकीने मांस उकळले, कुटले, पुढ्यात ठेवले. तेही तसेच राहिले. दवाखान्यातल्या नर्सने त्याला बजावले, "पोटात काही गेलं नाही, तर ह्या काही उठायच्या नाहीत."

"मा-लेसेदी, तुला हवंय तरी काय?" तो म्हणाला. लेसेदी ही त्यांची मुलगी, लग्न होऊन लांब गेलेली. तिच्या नावानेच दोघे एकमेकांना हाक मारीत: मा-लेसेदी म्हणजे तिची आई, रा-लेसेदी म्हणजे तिचे वडील.

"स्टेक. बावीस वर्षं लोकांना घातला. स्वतः बसून एकदाही खाल्ला नाही."

"एवढंच ना? हॉटेलातून आणतो."

"त्या पाटीवरचा? तिच्यावर मांस भाजत नाही, नुसतं घामेजतं. माझा तवा कुठाय?"

बाबोलोकीने अंगणाकडे बोट केले. तिने खिडकीतून पाहिले. एक कोंबडी माझ्या काठावर बसून पाणी पीत होती.

दोन दिवस तो मला वाळूने आणि जाड्या मिठाने घासत होता. मग चरबी चोळून निखाऱ्यांवर ठेवले. गार करून पुन्हा चोळले, पुन्हा तापवले. कितीदा ते मी मोजले नाही. त्याची बोटे सोलवटली होती.

तिसऱ्या दिवशी अंगणात मोपानीच्या झाडाची लाकडे पेटली. गोसेगो खुर्चीत बसली. पहिला तुकडा बाबोलोकीने ओलाच टाकला आणि सारखा हलवत राहिला. मांसाला पाणी सुटले.

"कुत्र्याला घाल," गोसेगो म्हणाली. "दुसरा घे. आधी फडक्यानं टिपून कोरडा कर. मीठ लाव. तव्यातनं धूर येऊ दे."

"आलाय धूर."

"टाक. आता हात मागं बांध, रा-लेसेदी."

तो खरेच हात मागे धरून उभा राहिला. चरचर बारीक झाली तशी ती म्हणाली, "उलट." मग लोणी आणि ठेचलेला लसूण पडला. ते वितळलेले लोणी तो चमच्याने मांसावर सोडू लागला.

"झालं कसं कळायचं?"

"अंगठ्यानं दाब."

त्याने दाबले. "वरनं घट्ट, आत मऊ. बाजारात बैलाचा खांदा मी असाच दाबून बघतो."

गोसेगोने त्याच्याकडे नीट पाहिले. "मग काढ. आणि पाच मिनिटं शिवू नकोस."

"गार होईल ना!"

"लगेच कापलंस तर सगळा रस पळेल. बस गुपचूप."

दोघे बसून राहिले. मग त्याने बारीक तुकडे केले, कारण तिला सुरी धरवत नव्हती. तिने डाव्या हाताने एक उचलला आणि बराच वेळ चावला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली आणि दुसरा घेतला. मग तिसरा. बाबोलोकीने डोळे मिटून एक तोंडात टाकला. पुन्हा हात पुढे केला.

"ए, तो माझा आहे!"

गेली दोन वर्षे दर शनिवारी तो माझ्यावर भाजतो. ती खुर्चीतून चुका काढते.

मित्रांनो, बिडाची भांडी पाण्यात ठेवू नका. कोमट आहेत तोवर पुसा, तेलाचा हात फिरवा. आणि घरात जे माणूस रोज इतरांना वाढते, त्याला धडधाकट आहे तोवर एकदा बसवून वाढा. मला गंज चढला, तो घासून निघाला. गोसेगोचा उजवा हात अजून तसाच आहे.